शाळेच्या फॉर्मात नक्की किती माहिती भरायची?

कोरी_पाटी

मुलीच्या शाळेने नव्या वर्षाचा फॉर्म ऑनलाइन पाठवलाय. नाव, जन्मतारीख, पत्ता, तातडीच्या वेळी फोन कोणाला करायचा, कसली अ‍ॅलर्जी आहे का, इथपर्यंत काही म्हणणं नाही. पुढे मात्र आईवडिलांचं वार्षिक उत्पन्न, दोघांच्या नोकरीचं ठिकाण, घर स्वतःचं की भाड्याचं, 'पाल्याच्या स्वभावातील अडचणी' असे रकाने आहेत. आणि सगळ्यात शेवटी एक चौकोन, आधीच टिक केलेला: 'शाळेच्या उपक्रमांसाठी पाल्याचे फोटो व माहिती वापरण्यास माझी संमती आहे.' टिक काढली की 'पुढे' हे बटणच चालत नाही.

पालकांच्या ग्रुपवर विचारलं तर 'सगळ्या शाळा विचारतात, भरून टाक' असं उत्तर आलं. इथे शाळेच्या आतली बाजू पाहिलेले लोक आहेत म्हणून विचारते. यातलं शाळेला खरंच काय लागतं? आणि भरलेला फॉर्म पुढे जातो कुठे?

मधली_सुट्टी

आमच्याकडेही अस्साच चौकोन होता. मी मुकाट्याने भरला. वाचतेय.

उलटतपासणी

एवढं काय आहे त्यात? पत्ता अर्ध्या गावाला माहीत असतो, वाढदिवसाचे फोटो आपणच टाकतो, आणि शाळेने विचारलं की लगेच खासगीपणा आठवतो. सहावीतल्या मुलीची माहिती चोरून कोणाला काय मिळणार आहे? बँकेत खातं नाही, नावावर कर्ज नाही.

कारकून_काका

शाळेच्या कार्यालयात बरीच वर्षं काढली आहेत, तेव्हा फॉर्मचं जन्मरहस्य मीच सांगतो. फॉर्म कोणी बसून विचार करून बनवत नाही. मागच्या वर्षीची फाईल उघडायची, साल बदलायचं, कोणी सांगितलं तर एखादा रकाना वाढवायचा. वाढवायचा, कमी करायचा कधीच नाही. उत्पन्नाचा रकाना बहुतेक वेळा कुठल्यातरी फी-सवलतीसाठी आलेला असतो. सवलत बंद होते, रकाना राहतो. मग सवलतीशी संबंध नसलेली सगळी घरंही आपलं उत्पन्न लिहून देतात आणि ते कोणीही वाचत नाही. वाचत नाही म्हणजे सुरक्षित आहे असं मात्र नाही, ते तसंच पडून असतं.

आता जातं कुठे ते. कागदी फॉर्म होता तेव्हा तो कपाटात जायचा आणि किल्ली माझ्याकडे असायची. आता त्याची होते एक्सेल. तीच शीट वर्गशिक्षकाकडे, बसवाल्याकडे, ओळखपत्रं छापणाऱ्याकडे, फोटोग्राफरकडे, सहलीच्या एजंटकडे आणि शाळेच्या अ‍ॅपवाल्या कंपनीकडे. बसवाल्याला हवं असतं मुलाचं नाव, थांबा आणि एक फोन नंबर. पण कार्यालयात सोमवारी सकाळी दहा जण खिडकीशी उभे असताना वेगळी यादी कोण करत बसणार? फिल्टर लावून बाकीच्या ओळी दिसेनाशा करतात आणि फाईल पाठवतात. फिल्टरने ओळी दिसेनाशा होतात, जात नाहीत. समोरच्याने फिल्टर काढला की आख्खी शाळा अ‍ॅलर्जी-उत्पन्नासकट त्याच्या हातात. लपवलेल्या कॉलमचंही तेच. ज्याला पाठवायचं त्याच्यासाठी नव्या कोऱ्या फाईलमध्ये तेवढेच रकाने चिकटवून पाठवणं हा एकच उपाय आहे, आणि त्याला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

ईमेलचंही सांगतो. सगळ्या पालकांना एकच पत्र पाठवताना पत्ते सीसीत टाकले की प्रत्येकाला प्रत्येकाचा पत्ता मिळतो. बीसीसी नावाची जागा त्याचसाठी आहे. 'फी थकलेल्या पालकांसाठी' असं पत्र सीसीत गेलं तर पत्त्यांची यादी हीच बदनामी होते.

दुसरा_बाक

@उलटतपासणी, मुलांच्या माहितीतून काय मिळतं याची उदाहरणं दुर्दैवाने भरपूर आहेत. २०२२ च्या सप्टेंबरात लॉस एंजेलिसच्या सरकारी शाळांवर खंडणीखोर हॅकर टोळीने हल्ला केला. शाळांनी पैसे द्यायला नकार दिला, तेव्हा टोळीने फाइली इंटरनेटवर टाकल्या. त्यात मुलांच्या मानसशास्त्रीय तपासण्यांचे अहवालही निघाले. २०२३ मध्ये मिनियापोलिसच्या शाळांचंही तेच झालं. तिथे अत्याचाराच्या तक्रारी आणि मुलांच्या मानसिक त्रासाच्या नोंदी उघड्यावर आल्या. बँक खातं नसलेल्या मुलांचंच हे सगळं होतं.

शिवाय कर्ज नसणं हीच चोराची सोय आहे. मोठ्या माणसाच्या नावाने कोणी कर्ज काढलं तर त्याला तसं लवकर कळतं. मुलाच्या नावाने काढलं तर ते मूल अठरा वर्षांचं होऊन स्वतः बँकेत जाईपर्यंत कोणी बघायला जात नाही.

आणि कोरी_पाटी, तो 'स्वभावातील अडचणी'चा रकाना रिकामाच ठेवा. काही सांगण्यासारखं असेल तर वर्गशिक्षिकेला भेटून सांगा. आठव्या वर्षी लिहिलेलं 'चिडखोर' हे विशेषण मुलाच्या मागे किती वर्षं फिरेल हे कोणीच सांगू शकत नाही.

सर्व्हरवाला

मी शाळांच्याच सिस्टिम्सवर काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पॉवरस्कूल नावाचं सॉफ्टवेअर उत्तर अमेरिकेतल्या असंख्य शाळा वापरतात. हजेरी, गुण, पत्ते, आरोग्याच्या नोंदी, सगळं त्यात. डिसेंबर २०२४ मध्ये त्यातली माहिती चोरीला गेली. भिंत फोडून कोणी आत आलं नव्हतं. ग्राहकांना मदत करण्यासाठी कंपनीचं एक पोर्टल होतं, त्याचं लॉगिन चोराच्या हाती लागलं आणि त्या दारावर पासवर्डशिवाय दुसरी कडी नव्हती. म्हणजे आपण साध्या ईमेलला लावतो ती दोन टप्प्यांची पडताळणीही नाही.

कंपनीने खंडणी भरली. माहिती नष्ट केल्याचा व्हिडिओही चोराने दाखवला. मे २०२५ मध्ये त्याच माहितीच्या जोरावर एकेका शाळा-मंडळाला नव्याने धमक्या यायला लागल्या! या प्रकरणात पकडला गेलेला आरोपी १९ वर्षांचा कॉलेजचा विद्यार्थी होता, पुढे त्याने गुन्हा कबूल केला.

मला यातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट मात्र वेगळी वाटते. टोरंटोच्या शाळा-मंडळाने सांगितलं की १९८५ पासूनच्या विद्यार्थ्यांची माहिती यात गेली असू शकते. १९८५ साली शाळेत असलेल्या माणसाला आता नातवंडं असतील. त्याचा जुना पत्ता आणि फोन नंबर २०२४ सालच्या चालू सिस्टिममध्ये ठेवून कोणाचं काय अडत होतं? स्टोरेज स्वस्त झालं आणि पुसण्याची सवय गेली. कपाट भरलं की कारकून_काकांना जुनी रद्दी काढावीच लागायची, सर्व्हर भरला तर आम्ही दुसरी डिस्क लावतो.

म्हणून शाळांनी 'तुमचं सॉफ्टवेअर सुरक्षित आहे ना?' असं विचारलं की मी उलट विचारतो, की तुम्ही त्यात काय काय भरून ठेवलंय. जे घेतलंच नाही ते चोरीला जात नाही आणि त्याच्यावर बॅकअपचा खर्चही होत नाही.

उलटतपासणी

ठीक आहे, उदाहरणं पटली. पण मला दुसऱ्या टोकाची भीती वाटते. हे सगळं वाचून शाळा घाबरल्या की काय होईल ते सांगतो. सहलीला गेलेल्या शिक्षकाकडे मुलाच्या दम्याची माहिती नसेल, का, तर 'खासगी आहे'. काहीही विचारलं की 'नियमात बसत नाही'. आणि फॉर्मात कमी लिहिणाऱ्या पालकांकडे शाळा संशयाने बघेल ते वेगळंच.

वर्गशिक्षिका_निवांत

उलटतपासणी यांचा हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि या धाग्यावर तो यायलाच हवा होता.

वर्गात उभं राहणाऱ्या माणसाला काही गोष्टी माहीत असाव्याच लागतात. कोणाला फिट येते, कोणाला एका कानाने कमी ऐकू येतं, शाळा सुटल्यावर मुलाला न्यायला कोणाला परवानगी आहे आणि कोणाला कोर्टाने मनाई केली आहे. शेवटचं तर फाटकावरच्या माणसालाही माहीत हवं. पण त्याला फक्त 'या व्यक्तीच्या ताब्यात द्यायचं नाही' एवढं पुरतं. घटस्फोटाची कहाणी त्याला कशाला?

माहिती दडपून मुलांचं किती वाईट होऊ शकतं याचं उदाहरण म्हणजे लंडनमधली व्हिक्टोरिया क्लिम्बी. आठ वर्षांची ही मुलगी २००० साली सांभाळणाऱ्यांच्याच छळाने मेली. समाजकल्याण खातं, पोलीस, इस्पितळ, प्रत्येकाला थोडंथोडं दिसलं होतं. २००३ च्या चौकशी अहवालात आलं की या यंत्रणांनी एकमेकांशी नीट बोलायला हवं होतं ते झालंच नाही. म्हणून आज तिथल्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलंय की मूल धोक्यात असेल तर माहिती-संरक्षणाचा कायदा माहिती देण्याच्या आड येत नाही. मुलाच्या अंगावर वळ दिसले तर मी 'आधी पालकांची संमती घेते' असं म्हणत बसणार नाही, आणि मी तसं करावं असं कुठलाही कायदा म्हणत नाही.

आता माझी तक्रार. शाळा शिक्षकांना फोन देत नाहीत आणि ग्रुप मात्र चालवायला लावतात. मग पन्नास मुलांचे फोटो, आजारपणाचे मेसेज, प्रगतिपुस्तकांचे स्क्रीनशॉट, सगळं आमच्या घरच्या फोनमध्ये. त्याच फोनवर संध्याकाळी घरातली पोरं गेम खेळतात. शिक्षक नोकरी सोडतो तेव्हा ती माहितीही त्याच्याबरोबर जाते. याबद्दल धोरण काय, असं विचारलं की 'जरा जपून वापरा' म्हणतात.

मधली_सुट्टी

वर्गात गुण मोठ्याने वाचून दाखवणं हेही मुलांची खासगी माहिती उघड करण्यात बसतं का हो? आमच्या बाई अजून वाचतात. माझा मुलगा त्या दिवशी पोट दुखतंय म्हणून घरी राहायला बघतो.

कलमदान

गंमत म्हणजे हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ओक्लाहोमा राज्यातल्या ओवासो गावी मुलं एकमेकांचे पेपर तपासत आणि गुण मोठ्याने सांगत. एका आईने खटला भरला. खालच्या अपील न्यायालयाने तिची बाजू घेतली, पण २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने शाळेच्या बाजूने निकाल दिला. शेजारच्या बाकावरच्या मुलाने तपासलेला पेपर म्हणजे शाळेने 'जतन केलेली नोंद' नव्हे, असं कारण दिलं. म्हणजे कायद्यात ते बसलं. मधली_सुट्टी यांच्या मुलाच्या पोटदुखीला त्या निकालात जागा नाही, ती बाईंशी बोलूनच सोडवावी लागेल.

आता मूळ प्रश्नाकडे, आधीच टिक केलेल्या चौकोनाकडे. युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यात, जो मे २०१८ पासून लागू आहे, अशी टिक संमती म्हणून धरतच नाहीत. माणसाने स्वतः काहीतरी करून 'हो' म्हणावं लागतं. पण त्याहून मोठा मुद्दा असा की शाळा आणि पालक बरोबरीचे नसतात. स्वीडनमधल्या शेलेफ्टिओ इथल्या एका शाळेने हजेरीचा वेळ वाचावा म्हणून चेहरा ओळखणारा कॅमेरा लावून पाहिला. मुलं फक्त २२, प्रयोग तीन आठवड्यांचा, आणि पालकांची लेखी संमती घेतलेली. तरी २०१९ मध्ये तिथल्या माहिती-संरक्षण नियामकाने दोन लाख क्रोनरचा दंड केला. विद्यार्थी शाळेवर अवलंबून असतो, तेव्हा त्याची संमती मोकळ्या मनाने दिलेली मानता येत नाही, हे एक कारण. आणि हजेरी घेण्याचे इतके साधे मार्ग असताना चेहऱ्याचा नकाशा कशाला, हे दुसरं.

इंग्लंडमधल्या चेल्म्सफर्डच्या एका शाळेने जेवणाचे पैसे घेण्यासाठी तेच तंत्र आणलं. पालकांना पत्र पाठवलं की नको असेल तर कळवा, न कळवल्यास होकार समजू. जुलै २०२४ मध्ये नियामकाने शाळेला लेखी समज दिली. धोक्याचं मूल्यमापन आधी केलंच नव्हतं, हा त्यातला मुख्य ठपका.

भारतातही २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम आहे. त्यात अठराच्या आतलं प्रत्येक जण मूल आहे, पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. शाळांना शिक्षण आणि सुरक्षिततेपुरती पाळतीच्या मनाईतून सूट आहे. ही सूट किती ताणली जाते याकडे माझं लक्ष आहे, कारण 'सुरक्षितता' म्हटलं की बसमधल्या जीपीएसपासून वर्गातल्या कॅमेऱ्यापर्यंत सगळंच त्यात कोंबता येतं.

एक अधिकार मात्र पालक फार कमी वापरतात. आपल्या मुलाबद्दल शाळेकडे काय लिहिलेलं आहे ते बघायला मागा. अमेरिकेत हा अधिकार १९७४ पासून आहे, शाळेने ४५ दिवसांच्या आत दाखवावं लागतं. युरोपात साधारण महिन्याभराची मुदत. चूक असेल तर दुरुस्तीही मागता येते.

दुसरा_बाक

अ‍ॅप्सबद्दल अजून कोणीच बोललं नाही. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने २०२२ मध्ये ४९ देशांतल्या सरकारांनी कोविडच्या साथीच्या काळात सुचवलेली १६० हून अधिक शैक्षणिक अ‍ॅप्स आणि संकेतस्थळं तपासली. त्यातल्या ८९ टक्क्यांमध्ये मुलांच्या हक्कांना धोका पोचेल अशी माहिती-हाताळणी दिसली. कित्येकांमधून माहिती थेट जाहिरातवाल्यांकडे जात होती. गणित सोडवणारी मुलं, आणि पलीकडे त्यांची आवड-निवड टिपून घेणारा बाजार. 'सरकारनेच सुचवलंय' हे वाक्य तेव्हापासून मी प्रमाणपत्र म्हणून धरत नाही.

एका पालकाच्या तक्रारीने काय होतं तेही ऐका. डेन्मार्कच्या हेल्सिंगोरमध्ये एका वडिलांच्या लक्षात आलं की शाळेने उघडून दिलेल्या गूगल खात्यामुळे मुलाचं नाव यूट्यूबवर सगळ्यांना दिसतंय. त्यांनी २०१९ मध्ये तक्रार केली. ते प्रकरण वाढत वाढत जुलै २०२२ मध्ये नियामकाने त्या पालिकेच्या शाळांना क्रोमबुक (गूगलच्या प्रणालीवर चालणारे लॅपटॉप) आणि गूगलच्या सेवा वापरायला बंदी घातली. पुढे बंदी स्थगित झाली खरी, पण देशातल्या अनेक पालिकांना आपण नेमकी कोणती माहिती गूगलला देतोय हे बसून लिहून काढावं लागलं.

सर्व्हरवाला

शाळेने दिलेल्या लॅपटॉपचंही लक्षात ठेवा. फिलाडेल्फियाजवळच्या लोअर मेरियनमध्ये चोरी झाल्यास शोधता यावेत म्हणून लॅपटॉपमध्ये लांबून कॅमेरा सुरू करायची सोय होती. मुलांना आणि पालकांना सांगितलंच नव्हतं. एका मुलाला शाळेत बोलावून त्याच्याच खोलीतला त्याचा फोटो पुरावा म्हणून पुढे केला तेव्हा भांडं फुटलं. हजारो चित्रं साठली होती. २०१० मध्ये शाळेने ६ लाख १० हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. हेतू चोरी पकडण्याचाच होता, यात मला शंका नाही. कॅमेरा कोणी, केव्हा, कोणाला विचारून सुरू करायचा हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

कोरी_पाटी

सगळ्यांचे आभार. धागा वाचून शाळेला साधं पत्र लिहिलं. भांडणाचा सूर ठेवला नाही. विचारलं इतकंच: उत्पन्नाचा आणि घराचा रकाना कशासाठी, फॉर्म कोणाकोणाकडे जातो, अ‍ॅपच्या कंपनीशी करारात माहिती पुसण्याबद्दल काही आहे का, आणि फोटोची संमती बाकी फॉर्मपासून वेगळी करता येईल का.

मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं. उत्पन्नाचा रकाना का आहे हे त्यांनाही सांगता येईना (कारकून_काका, तुम्हाला मनातल्या मनात नमस्कार केला). तो ऐच्छिक करतो म्हणाल्या. फोटोची संमती वेगळ्या कागदावर येणार आहे. कंपनीच्या कराराबद्दल 'बघून सांगते' म्हणाल्या, अजून काही कळलेलं नाही. 'स्वभावातील अडचणी' काढायला मात्र तयार नाहीत, समुपदेशकाला लागतं म्हणतात. मी रिकामा सोडलाय.

उलटतपासणी

बरं झालं. म्हणजे विचारलं की शाळा ऐकते, हे मला अनपेक्षित होतं. फोटोचं मात्र मला अजून पटत नाही हं. स्नेहसंमेलनात नाचणाऱ्या मुलांचे फोटो शाळेने लावायचे नाहीत तर काय रिकाम्या रंगमंचाचे लावायचे?

वर्गशिक्षिका_निवांत

लावावेत की. फोटोखाली पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी लिहू नये इतकंच. आणि गणवेशातल्या एकट्या मुलाचा जवळून घेतलेला फोटो नको, सात-आठ जणांचा घोळका असू दे. कार्यक्रम चालू असतानाच 'आत्ता आम्ही इथे आहोत' असं टाकायची घाई नको. सहलीहून परत आल्यावर टाकलं तरी लाईक तेवढेच मिळतात.

मधली_सुट्टी

आणि मुलांना विचारा ना कोणीतरी! माझा मोठा आता तेरा वर्षांचा आहे. त्याने सांगितलं की शाळेच्या पानावर माझा फोटो नको. मी आधीच सही करून बसले होते. अशा वेळी कोणाचं ऐकायचं?

कलमदान

बहुतेक ठिकाणी कायद्याच्या दृष्टीने पालकांची सही चालते. पण बोटांचे ठसे किंवा चेहरा अशा बाबतीत इंग्लंडचा २०१२ चा कायदा मुलाच्या बाजूने आहे: एका पालकाची लेखी संमती हवी, दुसऱ्याची हरकत नको, आणि एवढं होऊनही मूल स्वतः 'नाही' म्हणालं तर शाळेला थांबावं लागतं आणि दुसरी सोय करून द्यावी लागते. फोटोला तो लागू नाही. तरी संमती मागे घेता येते, तुम्ही दोन ओळींचं पत्र द्या.

कारकून_काका

पत्रावर तारीख घाला आणि पोच घ्या. आणि आधीचे फोटोही काढा असं स्पष्ट लिहा, नाहीतर पुढचे लावणार नाहीत आणि जुने तसेच राहतील.

@सर्व्हरवाला, जुन्या नोंदींबद्दल एक. सगळंच पुसू नका हो. प्रवेशाचं रजिस्टर आणि निकाल कायम ठेवावे लागतात. चाळीस वर्षांनी कोणीतरी जन्मतारखेचा पुरावा मागायला येतो तेव्हा शाळेशिवाय त्याला कोणी नसतं. मी अशी माणसं खिडकीशी पाहिली आहेत. पण सहलीचे संमतीपत्र, आजारपणाच्या चिठ्ठ्या, बसची यादी, फोटोग्राफरला दिलेली शीट, यांचं वर्ष संपल्यावर काहीच काम नसतं. दरवर्षी निकाल लागला की एक दिवस धरून हे नष्ट करावं, आणि काय नष्ट केलं त्याची एका ओळीची नोंद वहीत ठेवावी.

सर्व्हरवाला

मान्य. त्या दिवशी बसवाल्यालाही फोन करून त्याच्याकडची यादी पुसायला सांगा. आणि बॅकअपमधली प्रत कधी जाते ते तुमच्या कंपनीला विचारा. स्क्रीनवरून नाव गेलं तरी बॅकअपमध्ये ते बराच काळ राहतं आणि शाळेत कोणालाच ते माहीत नसतं. कोरी_पाटी, कराराचं उत्तर आलं तर इथे टाका, वाचून सांगतो.